महाभारताचे सुकथनकर

आमची आजी महाभारत सांगायची. दर खेपेला त्यात काहीतरी निराळे असायचे. यातले मूळचे कुठले, असे विचारले की नुसती हसायची. हाच प्रश्न डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांना जन्मभर पुरला, हे मला फार उशिरा, भांडारकर संस्थेचे जाडजूड खंड चाळताना उमगले.

१८८७ साली जन्मलेले सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि पुढे बर्लिनला प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात रमले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याची कल्पना युरोपातलीच. विंटरनित्स यांनी ती मांडली, तिकडच्या विद्वत्सभांनी उचलून धरली, ल्यूडर्स यांनी १९०८ साली ६७ श्लोकांचा नमुनाही छापला. १९१४ साली महायुद्ध पेटले. एका टेबलाशी बसणारे देश एकमेकांवर तोफा डागू लागले आणि महाभारत बाजूला पडले.

पुण्यात १९१९ साली भांडारकर संस्थेने ते काम हाती घेतले. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले. पोथ्या देशभर विखुरलेल्या, लिप्या नाना तऱ्हेच्या. मग बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात, दक्षिणेकडच्या तंजावरला ताडून पाहायच्या आणि पाठभेद पुण्यात जुळवायचे, अशी व्यवस्था लागली. गणिती डोके इथे कामी आले. कुठला पाठ जास्त पोथ्यांत आहे, एवढ्यावर ते भागवत नसत. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, म्हणजे ज्यांची कधी गाठ पडली नाही, त्या एकच शब्द सांगत असतील तर तो जुना!

१९३३ साली आदिपर्व पुरे झाले. त्यात गणपती लेखक झाल्याची गोष्ट मूळ संहितेत नव्हती. मला स्वतःला ते वाचून चुटपुट लागली; आजीला तर मी सांगितलेच नसते. पण सुकथनकरांनी ती टाकून दिली नाही, परिशिष्टात जपून ठेवली.

२१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. अठरापैकी चारच पर्वे तोवर बाहेर आली होती. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. तरी या वेळी काम थांबले नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एजर्टन यांनी संपादलेले सभापर्व पुण्याहून १९४४ साली निघाले. अठराही पर्वे पुरी व्हायला मात्र १९६६ उजाडले.