क्लाइड टिंगली

क्लाइड टिंगली (१८८१ – २४ डिसेंबर, १९६०) हे डेमोक्रॅटिक पक्षाचे अमेरिकन राजकारणी व न्यू मेक्सिको राज्याचे गव्हर्नर (१९३५–१९३९) होते. आल्बुकर्की या वाळवंटी शहराच्या जडणघडणीशी त्यांचे नाव निगडित आहे.

टिंगली यांचा जन्म ओहायो राज्यात झाला. पत्नी कॅरी यांच्या क्षयरोगावर कोरडी हवा हितकारक ठरेल, या आशेने हे दाम्पत्य आल्बुकर्कीत स्थायिक झाले. १९२२ मध्ये टिंगली शहर आयोगावर निवडून आले. त्या व्यवस्थेत शहराचे प्रशासन नियुक्त व्यवस्थापकाकडे असे. टिंगली आयोगाचे केवळ अध्यक्ष होते. तथापि कारभारावरील त्यांच्या पकडीमुळे लोक त्यांना महापौरच म्हणत.

महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याशी असलेल्या स्नेहाचा उपयोग करून त्यांनी 'न्यू डील' योजनांचा निधी राज्यात आणला. त्यातून आल्बुकर्कीत उद्याने, विमानतळ व विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि बेरोजगारांना काम मिळाले. १९३७ मध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे पोलिओग्रस्त बालकांसाठी रुग्णालय सुरू झाले. त्यास कॅरी टिंगली यांचे नाव देण्यात आले.

शहराला सावली मिळावी म्हणून टिंगली यांनी सायबेरियन एल्म वृक्षांच्या लागवडीस चालना दिली. कमी पाण्यावर झपाट्याने वाढणारे हे वृक्ष पुढे परागकणांमुळे होणाऱ्या ॲलर्जीसाठी व अनिर्बंध प्रसारासाठी टीकेचा विषय ठरले. सावली आणि उपद्रव असा हा दुहेरी वारसा आल्बुकर्कीत आजही टिकून आहे.