घाटावरचे, घाटाखालचे आणि डॉ. घुर्ये

कोप्पीकर रोडवर बँकेच्या काउंटरमागे आम्ही बरीच वर्षे काढली. समोरचा ग्राहक मलनाडचा की बयलुसीमेचा, हे बोलण्यावरून कळे. घाटावरचे-घाटाखालचे हा भेद आपणा मराठी माणसांनाही जुनाच. पण इंग्रजी अमदानीत या साध्या भेदाचे शास्त्र झाले आणि त्या शास्त्राकडे हिशेब मागणारा विद्वान मालवणचा होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ चा. मुंबईत एम.ए. होऊन ते केंब्रिजला गेले. त्यांचे गुरू रिव्हर्स हे निलगिरीच्या तोडा लोकांवरील १९०६ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध होते. १९२४ ते १९५९ घुर्ये यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सांभाळला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी मैदानातले ते हिंदू आणि डोंगरातले ते निराळे आदिम लोक. खानेसुमारीत धर्माचा रकानाही वेगळा. रिस्ले साहेबांनी तर नाके मोजून वंश ठरवले. घुर्ये यांनी १९३२ च्या जातिविषयक ग्रंथात ती मापे पुन्हा तपासली आणि ती सगळ्या देशाला लागू पडत नाहीत असे दाखवले.

पुढे १९३५ च्या कायद्याने पेठ, कळवण, डहाणूसारखे भाग अंशतः वगळलेले क्षेत्र ठरले. व्हेरिअर एल्विन यांनी बैगांसाठी राखीव प्रदेश सुचवला. घुर्ये यांनी १९४३ साली ग्रंथ लिहून विरोध केला. डोंगर आणि मैदान यांच्यात देवदेवता, बाजार, भाषा यांची देवघेव पूर्वापार आहे; जमिनी गेल्या त्या सावकारी आणि नव्या कायद्यांमुळे, असे त्यांचे म्हणणे.

मात्र डोंगरी जमातींना त्यांनी मागासलेले हिंदू म्हटले. एक शिक्का पुसून दुसरा मारला, हा त्यांच्यावरील आक्षेप आम्हालाही पटतो. त्या लोकांना स्वतःला काय वाटते, हे दोन्हीकडे मागेच राहिले.

२८ डिसेंबर १९८३ रोजी घुर्ये गेले. यल्लापूर-हळियाळच्या रानातले गवळी कर्जासाठी आमच्याकडे येत, तेव्हा त्यांची माहिती आम्ही अर्जाच्या रकान्यात कशीबशी बसवत असू. निवृत्तीनंतर घुर्ये वाचले. आधी वाचले असते तर दोन प्रश्न जास्त विचारले असते, असे आता वाटते.