अनुदान बंद झाले तेव्हा

यंदा शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर आले नाहीत आणि माझी खाणावळ थकली. घरी कळवावे तर तिथे आईबापाच्या मजुरीवर चूल पेटते. 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयातल्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्याचे काम मिळाले म्हणून निभावले. त्याच कामात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे एक जुने चरित्र हाती आले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अण्णांची तसबीर शाळेपासून पाहत आले होते. पण पैसा आटला की हा माणूस काय करीत असे, ते आता कळले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि जैन बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकची पायरी त्यांना कधी चढता आली नाही. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. मला वाटते, त्यांचे खरे कॉलेज हेच! शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून बोलायचे कसे आणि त्याच्याकडे मागायचे कसे, हे त्यांना इथे उमगले असावे.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पैशाची चणचण तर रोजचीच. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, या मुलांसाठी अंगावरचे दागिने एकेक करून दिले. एकदा घरात धान्य उरले नाही तेव्हा मंगळसूत्रही दिले. आमच्याकडे आजही आजीच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांना कोणी हात लावू देणार नाही. त्या काळी एका बाईने ते उतरवून द्यावे, याला केवढे धैर्य लागले असेल! १९३० साली त्या वारल्या.

घरचे सोने किती दिवस पुरणार? अण्णांनी गावालाच संस्थेचे धनी केले. घरातल्या बाईने रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे व ते बोर्डिंगला द्यायचे, असा मुष्टिफंड त्यांनी सुरू केला. मुलांनी श्रम करून शिकायचे ठरले. खेड्यांत जाऊन काम करतील असे शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. १९३८ पासून, जिथे शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा उघडल्या.

या साऱ्याची परीक्षा १९४८ साली झाली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा अण्णांनी संकल्प केला होता. त्याच सुमारास एका भाषणात त्यांनी सरकारवर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. सरकार परके नव्हे, आपलेच! शाळा वाढत चाललेल्या आणि पगाराची सोय नाही. दुसरा कोणी असता तर शाळांना कुलपे लावून मोकळा झाला असता, किंवा शब्द मागे घेऊन आला असता. अण्णा मात्र झोळी घेऊन गावोगाव निघाले आणि लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे दिले. वर्षानुवर्षे मुठीने धान्य टाकणाऱ्यांना ही शाळा सरकारची वाटतच नव्हती. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्यांना शाळेत जाता आले नाही त्या संताने शाळांसाठी शब्द टाकावा, हा भाग मी दोनदा वाचला.

पुढे १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघाले, त्याला नाव गाडगे महाराजांचेच दिले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या अण्णांना डी. लिट्. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.