शंकर पुरुषोत्तम आघारकर : जातींच्या मोजणीपलीकडे पाहणारा शास्त्रज्ञ

मुरगूडजवळून वाहणाऱ्या वेदगंगेत किती जातींचे जीव नांदतात? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पाहणी कोणत्या ऋतूत आणि कोणत्या डोहात केली, यावर उत्तर बदलते. सह्याद्रीतील नद्यांचे हे गूढ ज्यांच्या शोधाने ठळकपणे समोर आले, ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी पश्चिम घाट पिंजून काढला. १९११ मध्ये कोयनेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्याचे सगेसोयरे तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होते. इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याचे 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नामकरण केले. या जीवाचे तरंगते रूप वर्षातील थोडाच काळ दिसते. एरवी तो तळाशी सूक्ष्म रूपात दडलेला असतो. चुकीच्या महिन्यात मोजणी केली, तर ही जात यादीत येणारच नाही. वेदगंगेलाही हाच न्याय लागू. तिचे आणि कोयनेचे पाणी अखेर कृष्णेलाच मिळते.

१९१४ मध्ये कोलकाता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले आणि पहिल्या महायुद्धामुळे तेथेच स्थानबद्ध झाले. तरीही १९१९ मध्ये त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. वायव्य भारतातील रुक्ष व खाऱ्या जमिनीतील वनस्पती कोठून आल्या, कशा पसरल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

जातींची नुसती संख्या पुरेशी नसते, हे पुढे संख्याशास्त्रानेही दाखविले. दोन रानांत प्रत्येकी शंभर झाडे आणि दहा जाती आहेत, असे समजा. एकात प्रत्येक जातीची दहा झाडे, तर दुसऱ्यात एकाच जातीची ९१ आणि उरलेल्यांचे एकेक झाड. सहज निवडलेली दोन झाडे भिन्न जातींची निघण्याची शक्यता पहिल्या रानात सुमारे ९१ टक्के, दुसऱ्यात अवघी १७ टक्के. ही मोजपट्टी एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये मांडली.

१९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे आघारकर संस्थापक-संचालक होते. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. १९९२ पासून तेथील संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच साठच्या दशकात कोयना धरणाच्या जलाशयाने खोऱ्याचा मोठा भाग व्यापला. काय गमावले, हे ठरविण्यासाठी आधी काय होते याची नोंद हवी. कोयनेची एक नोंद आघारकरांनी वेळेत करून ठेवली; अनेक ओढे-नद्यांच्या नशिबी तीही नाही.