मॉरिट्झ याकोबी : विजेवर होडी चालवणारा अभियंता



उद्यमबागेत लेथ, ड्रिलिंग मशीन आणि पंप फिरवणाऱ्या मोटारी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. मोटारीच्या अंगावर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, अश्वशक्ती आणि मिनिटाला होणारे फेरे लिहिलेले असतात. मोटार निवडताना ही पट्टी का वाचायची, हे ज्यांच्या चरित्रातून चांगले समजते अशा एका शास्त्रज्ञाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, ही कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. त्याच्या ३५ वर्षे आधी प्रशियात मॉरिट्झ हर्मान याकोबी यांनी विजेवर फिरणारी एक मोटार तयार केली होती.

याकोबी यांचा जन्म २१ सप्टेंबर १८०१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. त्यांचे धाकटे बंधू कार्ल हे पुढे जगप्रसिद्ध गणिती झाले. मॉरिट्झ यांचा पेशा मात्र वास्तुशिल्पाचा. तरीही त्यांचे मन यंत्रांत रमे. त्या काळी अनेक जण वाफेच्या इंजिनाच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे हलणारी विजेची यंत्रे बनवत होते. याकोबींनी सरळ गोल फिरणारे यंत्र करायचे ठरवले. मे १८३४ मध्ये ते यंत्र फिरू लागले. त्याची शक्ती जेमतेम १५ वॉट, म्हणजे एका लहान दिव्याएवढी होती.

१८३५ मध्ये ते दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे प्राध्यापक झाले. पुढे रशियाचा झार पहिला निकोलस याने त्यांना सेंट पीटर्सबर्गला बोलावून घेतले आणि जहाज विजेवर चालते का ते पाहण्यासाठी सरकारी पैसा दिला. आता हाती सरकारी पैसा होता आणि त्याचबरोबर जबाबदारीही होती.

सप्टेंबर १८३८ मध्ये नेवा नदीत त्यांची सुमारे ८ मीटर लांबीची होडी उतरली. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाके, आत मोटार आणि जस्त-तांब्याच्या ३२० जोड्यांची बॅटरी. सुमारे डझनभर माणसांना घेऊन होडी प्रवाहात चालली, पण वेग ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास! काठावरून चालणारा माणूस तिला सहज मागे टाकू शकला असता. पुढच्या वर्षी अधिक शक्तीची मोटार आणि जस्त-प्लॅटिनमच्या बॅटऱ्या लावून वेग ताशी सुमारे ४ किलोमीटरपर्यंत नेला.

मग पुढे काय अडले? मोटार तर चालत होती. अडचण होती तिच्या खाद्याची. इंजिनात कोळसा जळतो, तसे या बॅटरीत जस्त झिजून संपत होते आणि जस्त कोळशापेक्षा फार महाग. शिवाय नव्या बॅटऱ्यांतील नायट्रिक आम्लातून घातक वायू निघत. वाफेशी स्पर्धा करण्याचे स्वप्न तिथे थांबले.

याकोबी मात्र थांबले नाहीत. हिशेब कुठे चुकतो याचा त्यांनी शोध घेतला. बॅटरीला स्वतःचा आतला रोध असतो. बाहेरचा रोध त्याच्याइतका ठेवला की बॅटरीतून जास्तीत जास्त शक्ती मिळते, पण तेव्हा निम्मी ऊर्जा बॅटरीतच उष्णता होऊन वाया जाते. हा नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणून कोणतीही मोटार निम्म्याहून अधिक कार्यक्षम असूच शकत नाही, असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा होता. भार बेताचा ठेवला तर शक्ती कमी मिळते, पण वाया जाणारी ऊर्जाही पुष्कळ कमी होते.

याकोबींनी विजेने धातूचे हुबेहूब ठसे घेण्याची पद्धत शोधली, तारायंत्रांवरही काम केले. १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

आज अनेक मोठ्या होड्यांच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, एक आडवा पंखा असतो. त्याला बो थ्रस्टर म्हणतात. धक्क्याला लागताना तो होडीचे तोंड डावी-उजवीकडे सरकवतो. त्याची मोटार निवडताना याकोबींचेच प्रश्न उभे राहतात. समजा, मोटार ३ किलोवॉट वीज घेते. १२ व्होल्टवर तिला २५० अँपिअर प्रवाह लागेल, २४ व्होल्टवर १२५. प्रवाह जास्त म्हणजे तारा जाड हव्यात आणि बॅटरीवर ताणही अधिक. दुसरे म्हणजे वेळ. अशी मोटार बहुधा काही मिनिटे चालवून थंड होऊ द्यायची असते, म्हणून ती लहान ठेवता येते. दिवसभर पंप ओढणारी मोटार तितक्याच शक्तीची असली तरी थोराड असते. एकीच्या जागी दुसरी लावली तर एक जळेल, नाहीतर दुसरी होडीत मावणार नाही.

म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी मोटार आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : काम किती, किती वेळ, आणि वीज कुठून येणार? पालकांनी आणि विश्वस्तांनीही बक्षिसाच्या आधी मुलांना हेच विचारावे, अशी आमची विनंती आहे. प्रतिकृती चालली नाही तरी या तिन्हींची उत्तरे ज्याच्या वहीत नीट लिहिलेली असतील, त्याचे श्रम वाया गेले असे आम्ही मानणार नाही.