मामासाहेब दांडेकर : कॉलेजचा तास आणि वारीची वाट



दिंडीला शंभर वर्षं झाली, स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार ओळी द्या, असा निरोप विणेकरीबुवांनी धाडला. आम्ही चौथी पास. कीर्तनाला उभे राहिलो तर दोन तास बोलू, पण कागद पुढं आला की बोटं आखडतात. तरी एका माणसाविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं. प्राचार्य शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर, ज्यांना सगळा वारकरी मामा म्हणतो, ते. त्यांच्या थोरपणावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं आहे, त्यात आमची भर नको. प्रोफेसराच्या रोजच्या दिवसात गोड काय आणि कटकट काय, आणि असा प्रोफेसर माळकरी असला म्हणजे काय होत असेल, एवढंच आम्ही मांडणार.

मामांना आम्ही बघितलेलं नाही. 1968 च्या जुलैत, आषाढीच्या दिवसांतच ते गेले. तेव्हा आम्ही गुरं राखत होतो. दिंडीतल्या जुन्या माणसांनी मात्र त्यांचं कीर्तन ऐकलेलं होतं, आणि मुक्कामावर चुलीपाशी बसलं की मामांचा विषय निघायचाच.

मामांचा जन्म 1896 सालचा, केळवे-माहीमचा. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर झाला. समुद्राकाठचा मुलगा शिकायला पुण्यात आला आणि विष्णुबुवा जोगांच्या पायाशी बसला. जोग महाराज म्हणजे तालमीतला माणूस, जन्माचे ब्रह्मचारी. मामाही तसेच ब्रह्मचारी राहिले. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि 1920 साली देह ठेवला. तीन वर्षांचं लेकरू शिष्यांच्या ओटीत टाकून गुरू निघून गेले म्हणायचं. ज्यांनी ते वाढवलं त्यांत मामा होते. आणि हे सगळं नोकरी सांभाळून. मामा तत्त्वज्ञानाचे एम. ए., पुण्याच्या स. प. कॉलेजात प्रोफेसर, पुढं तिथंच प्राचार्य झाले.

आता एक गोष्ट सांगतो ती ध्यानात धरा. लहानपणीच अपघातात मामांचा एक हात गेला होता.

वारकऱ्याला एक हात नसणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. टाळ एका हातानं वाजत नाही. पखवाज वाजत नाही. देवापुढं हात जोडायचे तर जोडायला दुसरा नाही. गळ्यात अडकवली तर एक वीणा तेवढी एका हातानं छेडता येते. वारीत पाऊस आला तर छत्री धरली की पताका सुटली, पताका धरली की छत्री मिटली. सकाळी धोतर नेसायचं, कॉलेजात पुस्तक उघडं धरायचं की खडू धरायचा, पेपर तपासताना वाऱ्यानं पानं उडाली तर दाबायची कशानं? मोठ्या दुःखाला माणूस एकदा रडून मोकळा होतो. ही बारकी अडचण रोज उठून पुन्हा दारात उभी. आमच्या डाव्या हाताचं बोट एका हंगामात कडबाकुट्टीत चेचलं, दीड महिना पट्टी होती. सदऱ्याची गुंडी लावताना आम्ही घरच्या माणसांवर चिडायचो. दीड महिन्यात आमची ही गत. मामांनी जन्मभर काढलं.

दुसरी अडचण पंचांगाची. कॉलेजं उघडायची जूनच्या वीस तारखेच्या आसपास. माऊलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. अधिक महिना येऊन गेला असला तर वारी जुलैत सरकते, नाहीतर ऐन कॉलेज उघडण्याच्या तोंडावर पालखी आळंदी सोडते. नव्या पोरांचे प्रवेश, फीचे अर्ज, वेळापत्रक, कुठल्या वर्गाला कोण मास्तर, हे सगळं त्याच आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात दिवे घाट, सासवड, जेजुरी. पुढं लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी. अठरा-वीस दिवसांचा मामला. शेतकऱ्याला हे सांगायला नको. आमचीही मृगाची पेरणी तेव्हाच असते. वाफसा एकीकडे, विणा एकीकडे. पाय वाटेवर असतात आणि कान आभाळाकडे. आम्हाला वाटायचं, हा घोर शेतकऱ्यालाच. पण प्रोफेसरालाही तोच होता. फरक एवढाच की त्याच्या शेतात पोरं उगवतात.

कार्तिकीला मात्र बरं. दिवाळीची सुट्टी पुष्कळदा तिथवर पुरते. चैत्री परीक्षेत सापडते. मास्तर लोकांचा खरा जाच परीक्षेचा, असं आम्ही शाळामास्तरांकडून ऐकलेलं आहे. एकच प्रश्न, शंभर पोरांनी लिहिलेला, त्यातल्या नव्वदांनी एकमेकांसारखा. ते वाचता वाचता डोळे दुखतात. पण दहांतला एखादा पोरगा असं काही लिहून जातो की मास्तर पेपर खाली ठेवून बाहेर बघत बसतो. कीर्तनात आमचंही तसंच होतं. मंडपात पाचशे माणसं, निम्मी पेंगलेली, एक लेकरू रडतंय, कोणीतरी चहाचं विचारतंय, आणि मधेच एक म्हातारी मान हलवते. तेवढी मान पुरते.

मामांच्या वेळी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचं ते इंग्रजीतून. सकाळी प्लेटो इंग्रजीत, संध्याकाळी ज्ञानोबा मराठीत. प्लेटो हा ग्रीस देशातला, अथेन्स गावचा, दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा. तोही मास्तरच. त्याचा गुरू सॉक्रेटिस, त्याला गावानं विष पाजलं. आमच्याकडं तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या, ज्ञानोबांना वाळीत टाकलं. सगळ्या मुलखात गाव सारखंच. मामांनी ज्ञानदेव आणि प्लेटो या दोघांवर पुस्तकच लिहिलं. ते आम्ही वाचलेलं नाही, आमच्या आवाक्यातलं नाही. वारकरी पंथाचा इतिहास हे त्यांचं 1927 सालचं पुस्तक मात्र एका पावसाळ्यात वाचून घेतलं, नातवाला शेजारी बसवून.

पण आमचा मामांशी खरा संबंध सार्थ ज्ञानेश्वरीचा. ते असं झालं.

चाळीस वर्षांमागं तालुक्याच्या गावी सप्ताहात आमचं कीर्तन होतं. आवाज लागला होता, टाळकरी जोरात होते. कीर्तन झाल्यावर पंगत बसली, तिथं एका शिकलेल्या गृहस्थांनी सगळ्यांच्या देखत आमचा उच्चार काढला. तेही कुठंतरी प्रोफेसरच होते. आम्ही अध्यात्म न म्हणता आध्यात्म म्हणत होतो, दोन तासांत किती वेळा म्हणालो ते त्यांनी मोजलं होतं. पंगत हसली. आम्ही भात तसाच ठेवून उठलो, आणि त्यानंतर दोन वर्षं कीर्तनाला उभे राहिलो नाही. सप्ताहात जायचं, मागच्या रांगेत टाळ धरायचा, परत यायचं. बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणून सांगायचं. घरात कोणाला कारण ठाऊक नव्हतं.

दिंडीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ते ओळखलं असावं. त्यांनी मामांची सार्थ ज्ञानेश्वरी आमच्या हातात दिली आणि काही बोलले नाहीत. तोवर आम्ही नुसत्या ओव्या म्हणायचो, पाठ होत्या म्हणून. मोटारीला लाईट रात्री यायची. पाणी द्यायला गेलो की मोटारीच्या खोपीत बल्बाखाली पुस्तक उघडायचं. वर ओवी, खाली तिचा अर्थ. पुन्हा ओवी, पुन्हा अर्थ. नऊ हजारांच्या वर ओव्या आहेत. दारं धरता धरता एका रात्रीत कधी पाच व्हायच्या, कधी वीस. सगळी व्हायला तीन हंगाम गेले.

तेव्हा आमच्या मनात आलं, की हे 1953 साली छापलं तेव्हा छापखान्यातून मुद्रितं आली असणार, एकेक कानामात्रा तपासायला. एका हातानं कागद दाबायचा की चुकीची खूण करायची? आणि ज्याला प्लेटो इंग्रजीत शिकवता येतो, त्यानं एवढा खटाटोप कोणासाठी केला? विद्वानाला अर्थ खाली द्यावा लागत नाही. तो खाली आहे तो आमच्यासारख्याला. प्रोफेसराला चुकीचा उच्चार टोचत नसेल असं नाही, रोज वर्गात टोचत असेल. पण मामांनी आम्ही किती वेळा चुकलो ते मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक ओवीखाली अर्थ ठेवला.

त्या गृहस्थांवरचा राग मग गेला. शब्द आमचाच चुकीचा होता, ते खरंच बोलले. फक्त पंगतीत बोलले.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी आमच्याच गावात, काल्याच्या आदल्या रात्री, आम्ही पुन्हा उभे राहिलो. सुरुवातीलाच अध्यात्म हा शब्द मुद्दाम घेतला, नीट म्हटला, आणि मागं टाळकऱ्यांत ते वडीलधारे होते तिकडं बघितलं. ते टाळ पुसत होते.

ते पुस्तक अजून आमच्याकडं आहे. पाठीचा कापड गेला, तेराव्या अध्यायाच्या पानांवर मोटारीच्या ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे. शताब्दीच्या पारायणाला व्यासपीठावर तेच ठेवावं असं विणेकरीबुवा म्हणतात. आम्ही हो म्हटलं आहे. यंदा पाऊस वेळेवर आला तर पेरणी थोरल्यावर टाकून प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आळंदीला पोचू, नाहीतर सासवडला गाठू.