रमाबाई रानडे आणि माझी एक चूक

स्मरणिकेसाठी लिही, असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी कॉम्प्युटरवरच लिहीन. पण मला लिहायचंय रमाबाई रानड्यांवर.

आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली त्यांचा जन्म झाला. माहेरी मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. माधवरावांनी त्यांना मुळाक्षरांपासून इंग्रजीपर्यंत शिकवलं. घरातल्या बायकांना ते खपत नसे. टोमणे ऐकत, कामं उरकून रमाबाई अभ्यासाला बसत.

१९०१ मध्ये माधवराव गेले. चाळिशीच्या उंबरठ्यावर वैधव्य आलं, मूलबाळ नव्हतं. तरीही १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या, नवरा गेलेल्या बायका तिथं पुन्हा शिकू लागल्या. कुणी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, कुणी नर्सिंगचं. रुग्णाची सेवा, त्यातही परक्या पुरुषाची, हे तेव्हा घरंदाज बाईला न शोभणारं काम मानलं जाई. रमाबाईंनी विरोध सोसून मुलींना ससून हॉस्पिटलमध्ये शिकायला पाठवलं. बाईला नुसती दया नको, हातात शिक्षण आणि स्वतःची कमाई हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. १९२४ मध्ये त्या गेल्या.

आता माझी चूक. आपल्याच वर्गातली, माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण. बारावीनंतर लगेच लग्न झालं. दोन मुलं झाल्यावर तिनं जीएनएमचा फॉर्म भरायचं ठरवलं आणि मला फोन केला. आता या वयात कशाला, असं मी बोलून गेले. मी इंजिनिअर, त्यामुळे मला सगळं कळतं असं वाटायचं. तिनं माझं ऐकलं नाही, हे बरं झालं. तीन वर्षं जीएनएम केलं, नोकरी केली, पुढं पोस्ट बेसिक बीएस्सीही केलं. आज चाकणच्या एका हॉस्पिटलात ती नव्या नर्सेसना शिकवते. कंपनीत मशीनवर हात सापडलेला कामगार आला की आधी तिलाच हाक मारतात.

मेळाव्याला ती नाइट ड्यूटी संपवून थेट येणार आहे. आयोजकांनो, इंजिनिअर-डॉक्टरांचे सत्कार कराल तेव्हा तिचंही नाव घ्या. माफी मात्र माझी मीच मागेन.